गावच्या सुनेचा सत्कार

नीळकंठ सर आनंदानं नुसते उड्या मारायचे बाकी होते. निरवांगीची त्यांची सातवी आणि सणसरची सातवी टीव्हीवर समोरासमोर बसून एकत्र गणित करणार होती! आपापल्या मैदानाची मापं पलीकडं सांगायची, पलीकडच्यांनी गुंठे काढायचे. सणसरच्या बाई म्हणजे सरांच्याच पत्नी, यशोदाबाई. (घरी सरांचं काही चालत नाही, टीव्हीवर तरी चालेल, ही आशा.) इंदापूरहून विस्तार अधिकारी मॅडम थेट बघणार होत्या. तास आवडला तर पुढचा तास सगळ्या तालुक्यापुढं, आणि शिकवणारे अर्थातच सर! अडचण एकच. फुकटातली लिंक चाळीस मिनिटांत बंद पडते.

त्या भरात सर शाळा समितीच्या दत्तोबा तात्यांना बोलून गेले, "तात्या, या की बघायला."

"येतो की! पण रिकाम्या हातानं कसं यायचं?"

तात्या आले ते अकरा माणसं, सहा नारळ, दोन शाली आणि झेंडूचे हार घेऊन.

"तात्या, आधी तास..."

"आधी सत्कार, सर. रीत हाय आपली."

सरांचा झाला, तात्यांचा झाला, टीव्ही जोडणाऱ्या म्हस्कूचाही झाला. अठरा मिनिटं गेली. सर घामाघूम! तेवढ्यात तात्यांच्या बनाबाईंचं लक्ष पडद्याकडं गेलं.

"अगं बया! ही तर आपली यशोदा! गावची सून, आन् तशीच बसवलीया व्हय?"

बनाबाईंनी पडद्यावरच यशोदाबाईंच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. ते बघून तात्यांना चेव आला. त्यांनी सगळ्यात मोठा हार टीव्हीलाच घातला.

आतून आवाज आला, "अहो, हार काढा आधी! मी जिवंत आहे!"

पण सर सवयीनं टाळ्या वाजवत होते.

हार नेमका टीव्हीवर बसवलेल्या कॅमेऱ्यावर आला. पलीकडं सणसरला आणि इंदापूरला नुसता झेंडू दिसायला लागला. इकडं तात्या 'दोन शब्द' बोलायला उभे राहिले, ते वीस मिनिटांनी बसले. सरांनी झडप घालून खडू उचलला, "मुलांनो, आयत म्हणजे..." आणि पडदा काळा झाला.

सर मटकन खाली बसले. गेलं, सगळं पाण्यात गेलं! तोच फोन वाजला. विस्तार अधिकारी मॅडम!

"वा सर, वा! काय रंगला तास!"

"मॅडम, तो झेंडू..."

"झेंडूचं सोडा. चॅट बघितलं का?"

सरांनी धावत जाऊन मागच्या बाकावरच्या सईच्या हातातला शाळेचा टॅब घेतला. यशोदाबाईंनी झेंडू दिसताच मुलांना चॅटवर कामाला लावलं होतं. सईनं लिहिलं होतं, 'तुमची रुंदी चुकलीया. लांबीपेक्षा जास्त कशी?' सणसरचा अथर्व म्हणे, 'थांब, मोजून येतो.' आणि चार मिनिटांनी, 'व्हय गं! टेप दुमडली होती! तुझंच बरोबर!' दोन्हीकडचे गुंठे तंतोतंत निघाले होते.

सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "मग मॅडम, तालुक्याचा तास नक्की?"

"नक्की! शिकवतील यशोदा मॅडम. पण तुम्ही पाहिजेच हां, सर. तात्यांना चाळीस मिनिटं गुंतवून कोण ठेवणार?"