बेअरिंगला तूप

निरुपमाबाई स्वयंपाकघरात ओट्याला धरून टाचा वरखाली करू लागल्या की बाहेर हिंचक्यावर झुलणारे दीनानाथराव ओरडायचे, "झाली का शाळेची कवायत सुरू?"

संधिवात दोघांच्याही गुडघ्यांत होता. डॉक्टरही एकच, आणि त्याने दोघांना सांगितलं तेही एकच. वजन उतरवा, रोज सपाटीवर चाला, मांड्यांचे स्नायू बळकट करा, सकाळी गुडघे शेका, जमिनीवर मांडी घालून बसू नका. निरुपमाबाईंनी ते ऐकलं. दीनानाथरावांनी फक्त डॉक्टरचं वय बघितलं. रिफायनरीत उभा जन्म पंपांच्या देखभालीत घालवलेल्या माणसाला सांध्यांबद्दल हे कालचं पोर काय शिकवणार?

"अगं, गुडघा म्हणजे बेअरिंग. झिजलेलं बेअरिंग कुणी जास्त फिरवतं का? त्याला हवी विश्रांती आणि वंगण."

विश्रांती म्हणजे दिवसभर हिंचका आणि वंगण म्हणजे वाटीभर तूप. हे तूप पोटातून गुडघ्यापर्यंत कोणत्या नळीने जातं, असं निरुपमाबाईंनी एकदा विचारलं होतं. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. मूर्ख प्रश्नांना दीनानाथराव उत्तर देत नसत.

त्यांचा सगळ्यात मोठा तुच्छतेचा साठा मात्र समोरच्या फ्लॅटमधल्या पिलाजीरावांसाठी राखीव होता. गेल्या वर्षी मांजलपुरातल्या त्यांच्या सोसायटीच्या गणपतीला पिलाजीराव यजमान होते आणि गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसले होते.

"गणपतीसमोर खुर्ची! पूजा होती की दाढी करायला बसले होते?" हे दीनानाथराव वर्षभर सगळ्यांना ऐकवत होते.

यंदा मान त्यांचा होता. सोसायटीचा गुजराती सेक्रेटरी केयूर विचारायला आला, "काका, खुर्ची मुकाऊं?"

"खुर्ची पिलाजीरावांना दे. मी पाटावर बसणार."

चतुर्थीला सोवळं नेसून ते पाटावर बसले. बसणं सोपं असतं, त्यात पृथ्वीची मदत होते. पूजा यथासांग झाली. "यजमान, उठा आता, आरती घेऊ," गुरुजी म्हणाले. दीनानाथरावांनी उठायचा हुकूम सोडला. गुडघ्यांनी तो धुडकावला. त्यांनी परत जोर केला. पाट हलला, ते हलले नाहीत.

समोर खुर्चीत बसलेल्या पिलाजीरावांचा चेहरा उजळू लागला. "काय दीनानाथराव, अडलं का काही?"

"अडायचंय काय? आरतीआधी अथर्वशीर्ष म्हणणार आहे मी. ते बसूनच म्हणतात."

त्यांनी अथर्वशीर्ष म्हटलं, हळूच पाय चाचपला आणि लगेच दुसऱ्यांदा सुरू केलं. मागे बसलेल्या मंडळींनीही सूर धरला. गुरुजींना दुसरीकडे पूजा होती. "चालू द्या," म्हणून ते सटकले.

केयूर कानाशी आला. "काका, केटलां बाकी?"

"एकवीस आवर्तनं करायची आहेत," दीनानाथरावांनी गुडघ्यांना मुदत दिली.

एकवीस झाली. मोदक गार झाले, पोरं प्रसादासाठी भोकाड पसरू लागली. गुडघे तसेच. पिलाजीराव खुर्चीवरून उठून जवळ आले. "आता तरी उठा की हो!"

"सहस्रावर्तनाचा संकल्प सोडलाय मी," दीनानाथराव बोलून गेले.

केयूरने ते ताबडतोब ग्रुपवर टाकलं. शेजारच्या सोसायट्यांतून लोक आले. कुणी दीनानाथरावांच्या गळ्यात हार घातला, कुणी त्यांच्या पाया पडू लागलं. पाया पडणाऱ्याने चुकून गुडघा दाबला की मंत्राचा स्वर भलताच आर्त व्हायचा आणि बायका डोळे पुसायच्या.

एकट्याने हजार आवर्तनं दोन दिवसांतही संपत नाहीत, हे गणित निरुपमाबाईंनी मनात मांडलं आणि त्या पाटापाशी वाकल्या. "अहो, उठता येत नाहीये ना?"

दीनानाथरावांनी मंत्र न थांबवता मान डोलावली.

"पालथे व्हा. लोकांना साष्टांग नमस्कार वाटेल. मग हातागुडघ्यांवर या, एक पाऊल पुढे टेका आणि खुर्चीला धरून उठा. माझ्या कवायतीत डॉक्टरने हेही शिकवलंय."

"कुठली खुर्ची?"

"पिलाजीरावांची."

"मेलो तरी धरणार नाही."

"मग म्हणा. नऊशेच्या वर बाकी आहेत."

दीनानाथरावांनी साष्टांग नमस्कार घातला. मग सगळ्या सोसायटीदेखत रांगत रांगत त्यांनी ती खुर्ची गाठली आणि कण्हत उभे राहिले. त्या कण्हण्यावर लोकांनी "मोरया!" म्हणून गजर केला.

केयूरने माइक घेतला. झालेल्या आवर्तनांना मागे म्हणणाऱ्यांच्या संख्येने गुणून त्याने सहस्रावर्तन पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. "अने कमिटीने ठरवलंय, आता दर वर्षी यजमान आपले दीनानाथकाका! पाटावर बसून, सहस्रावर्तन साथे!"

सगळ्यात जोरात टाळ्या पिलाजीराव वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरुपमाबाई स्वयंपाकघरात आल्या, तर ओट्यापाशी जागा नव्हती. ओटा दोन्ही हातांनी धरून दीनानाथराव टाचा वरखाली करत होते. त्या चहा घेऊन हिंचक्यावर जाऊन बसल्या.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "अगं, ती शेकायची पिशवी कुठे असते?"

"तुपाच्या बरणीमागे," निरुपमाबाई म्हणाल्या. "म्हणून दिसली नसेल इतके दिवस."