फिटरकाकांचं कुरडू

सदाफुली मारणं सोपं नाही. ती भिंतीच्या भेगेत उगवते, बकरी तिला तोंड लावत नाही, आणि उन्हाळ्यात सगळं जळून गेल्यावरही पाच-दहा फुलं धरून ती उभीच असते. तेलंगणाच्या सीमेवरच्या भैंसा गावात, आमच्या गल्लीत ती मारून दाखवणारा एकच माणूस झाला, आमचे शेजारी फिटरकाका. तेही एकदा नव्हे, तीनदा.

काका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. काकू गेल्या, पाठोपाठ नोकरी संपली, आणि एका पावसाळ्यात त्यांना फुलझाडांचं वेड लागलं. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मशीनचं सगळं शास्त्र त्यांनी जसंच्या तसं झाडांना लावलं.

"मास्तर, गुलाब म्हंजे खराब डिझाइन," ते मला सांगत. "त्याले रोज ऑपरेटर लागते. आपल्याले असं फूल पाह्यजे, बटन दाबलं का चालू."

म्हणून त्यांनी झेंडू, सदाफुली, गुलबक्षी अशी न मरणारीच झाडं निवडली आणि मशीन कोरडं चालवायचं नसतं या तत्त्वावर दिवसातून तीन शिफ्टमध्ये बादल्या ओतल्या. झाडं मुळापासून सडली. दोष मात्र काकांचा कधीच नसे. बी डुप्लिकेट होतं. नळाच्या पाण्यात पावडर होती. गुलबक्षी गेली तेव्हा म्हणाले, "तुमचा रेडिओ, मास्तर. व्हायब्रेशन झालं." आणि मी असा, की पुढे महिनाभर बातम्या बारीक आवाजात, रेडिओला कान लावून ऐकल्या.

मग एके दिवशी परसाच्या कोपऱ्यात, कुणीही न लावता, कुरडू उगवलं.

कुरडू म्हणजे कापसा-ज्वारीतलं तण. मी शेतकऱ्याचा पोरगा. माझं अर्धं बालपण ते उपटण्यात गेलं. काकांनी मात्र त्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. आजूबाजूची आणखी कुरडूची रोपं आणून ओळीत लावली. पाणी अजिबात नाही. "याले पानी देलं का वॉरंटी जाते," असं त्यांनी जाहीर केलं.

गल्ली बघायला लोटली. किराणावाला म्हणाला, "काका, पुढल्या साली गाजरगवत लावा. त्याचाबी फुलोरा मस्त येते."

"हसा," काका म्हणाले. "आमच्या गार्डनात आता मरन बंद हाय."

मीही हसलो. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं. दुसऱ्या दिवशी शाळेत, मास्तरांच्या खोलीत, मी काकांची नक्कल करून दाखवली आणि ती इतकी रंगली की हेडमास्तरांनी पुन्हा करायला लावली. घरी आल्यावर काकांनी कुंपणावरून मला भाजलेलं कणीस दिलं. ते मी न खाता रेडिओजवळ ठेवून दिलं.

पितृपंधरवडा संपत आला, तसे काका दोन दिवसांसाठी मंचेरियलला निघाले. त्यांचा पोरगा तिथे कोळशाच्या खाणीत होता. त्यानं न विचारता तेलुगू मुलीशी लग्न केलं होतं आणि काका लग्नाला गेले नव्हते. एवढंच मला ठाऊक. जाताना किल्ली देऊन म्हणाले, "परसाकडं पाह्यजा. पानी नका देऊ."

मला वाटलं, प्रायश्चित्ताची हीच संधी. बिचाऱ्याच्या हाती दुसरं काही जगत नाही म्हणून तो तण जपतो. आपण खरी फुलं लावून द्यावीत, म्हणजे गल्लीचं हसणं बंद होईल. हात शेतकऱ्याचे, तासाभरात सगळं कुरडू उपटलं. दूधवाल्याच्या म्हशीपुढे टाकलं, तिनं ते आवडीनं संपवलं. मग परस झाडून, सडा घालून मी झेंडूची आठ रोपं एका ओळीत लावली. स्वतःच्या चांगुलपणानं मला गहिवरून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका आले. सोबत सून, पद्मा. तिची पेटीही त्यांनी खाली ठेवू दिली नाही. "चाल बाई, आधी परसात चाल. मास्तर, तुमीबी या." आणि चालता चालता मला सांगू लागले, "बतुकम्माच्या सनाले पोरगी माहेरी जाते ना? आमच्या पोराच्या पायी हिच्या बापानं दरवाजा बंद केला. पोरानं पत्रात लिवलं होतं, हिच्या माहेरच्या परसात गुनुगू राहे, सनाले ही आपल्या हातानं तोडे. म्हनलं, परस तं आपल्याबी घरी हाय."

गुनुगू. तेलुगू बाया सणाला फुलांची बतुकम्मा रचताना थरांवर थर लावतात तो पांढरा-गुलाबी तुरा. आमचं कुरडू.

दार उघडलं. माना टाकलेले आठ झेंडू.

"काका, ते मी..." मी सुरुवात केली. त्यांनी माझं मनगट असं धरलं, की पान्यात सापडल्यासारखं वाटलं.

"मेलं वाटते, बाई," ते सुनेला म्हणाले. "माह्याच हातानं मेलं. मले नाई जमत हे."

पद्मा खाली बघत होती. मोडक्या मराठीत म्हणाली, "मामय्या, गुनुगू कोणी लावते का? ते आपोआप येते."

"मले काय माईत," काका म्हणाले.

मी सायकल काढली आणि थेट भावाच्या ज्वारीत गेलो. दोन पोती भरली. भाऊ खूश: "रोज येत जा, दादा. तेवढंच निंदन वाचते." सणाच्या दिवशी पद्मानं परसात बसून ते तुरे रंगवले आणि तबकात माझ्या कमरेएवढी बतुकम्मा रचली.

सगळ्या बाया आपापली बतुकम्मा डोक्यावर घेऊन तळ्यात सोडायला निघाल्या. पद्माची बतुकम्मा काकांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली. किराणावाला दुकानातून बघत राहिला. मी काकांच्या बाजूनं चालत होतो. पद्मा थोडी पुढे होती.

"काका," मी हळूच म्हणालो, "मी तिला खरं सांगून टाकतो. मला चैन पडत नाही."

"काऊन? तुमाले हलकं वाटंल म्हून?" डोक्यावरचं तबक सावरत ते म्हणाले. "तिले त्यात काय भेटते?"

आणि ते पुढे गेले. एक तुरा निसटून त्यांच्या कानावर लोंबत होता. तो त्यांनी तळ्यापर्यंत तसाच राहू दिला.