प्रभारी मेंढपाळ

“अहो, माझ्या चपला घालून फिरताय तुम्ही,” माधुरीताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

विद्याधर सरोदे सरांनी पायाकडे पाहिलं. खरंच की. पण बदलायला वेळ कुणाला होता? गेले आठ दिवस ते नाहूरच्या त्या एवढ्याशा हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते. हॉल कसला, सोफ्यापासून टीव्हीपर्यंत चार पावलं. वळायचं आणि पुन्हा चार. कारण संस्थेचं पत्र आलं होतं. मुख्याध्यापकपदासाठी इच्छुकांनी ‘ख्रिस्ती मूल्यांवर आधारित माझे शालेय नेतृत्वाचे तत्त्वज्ञान’ या विषयावर दोन पाने लिहून द्यावीत. दोनच पानं. सरांनी आतापर्यंत एकोणीस लिहिली होती आणि त्यांतली सतरा फाडली होती.

ही तगमग उगाच नव्हती. मिशनच्या त्या शाळेत सर चार वर्षं मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसत होते, पण नावापुढे सगळीकडे ‘प्रभारी’. दारावरच्या पाटीवर प्रभारी, स्नेहसंमेलनाच्या बॅनरवर प्रभारी, गळ्यातल्या ओळखपत्रावरही प्रभारी. त्या एका शब्दाने त्यांचा जीव खाल्ला होता. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. या जूनला कायम झाले तर झाले. नाहीतर संस्था बाहेरून कुणालातरी आणणार आणि सर पुन्हा आठवीला भूगोल शिकवायला जाणार.

“ऐक,” सर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून वाचू लागले, “‘मुख्याध्यापक म्हणजे साहेब नव्हे, सेवक. तो मेंढपाळ आहे. कळपातलं एक मेंढरू हरवलं, तर खरा मेंढपाळ बाकीची नव्याण्णव रानात ठेवून त्या एकाच्या मागे जातो. मीही जाईन.’ कसं वाटतंय?”

“छान आहे. भाकरी गार होतेय.”

सरांनी ती दोन पानं सोमवारी निळ्या फायलीत घालून संस्थेत देऊन टाकली. बुधवारी दुपारी फोन आला. संस्थेच्या निवड समितीचे प्रमुख, रेव्हरंड राजाराम शिरसाट.

“सलाम, सरोदे सर! कागद वाचला. तुमचं ते मेंढरू समितीला फार आवडलं.”

“सलाम, पाळकसाहेब. आपली कृपा.”

“पण कसंय, कागदावर सगळेच चांगले असतात हो. उद्या तुमच्या सहावीची सहल आहे ना आरेला? मी येतो. माझ्यासाठी काही करू नका. कोपऱ्यात बसून नुसता बघेन.”

आता नुसतं बघणारा माणूस हा प्रकार सरांना मुळीच सहन होत नसे. बोलणाऱ्याला उत्तर देता येतं. बघणाऱ्याला काय देणार? त्या फोननंतर त्यांना घास गेला नाही.

गुरुवारी सकाळी दोन बसगाड्या, त्र्याऐंशी मुलं आणि पाळकसाहेब आरे कॉलनीतल्या बागेत उतरले. बरोबर दोन नवख्या शिक्षिका होत्या आणि पर्यवेक्षिका सुगंधा तांडेल बाई होत्या. बाई मूळच्या वेसाव्याच्या, कोळ्यांच्या. आई अजून बाजारात मासळी विकायला बसते, आणि तो आवाज लेकीकडे जसाच्या तसा आलेला. शाळेची घंटा बंद पडली होती त्या आठवड्यात बाईंनी व्हरांड्यातून तास बदलले होते.

पाळकसाहेब खरोखरच एका झाडाखाली खुर्ची टाकून बसले. मांडीवर निळी फाईल. सर दर पाच मिनिटांनी मुलांच्या मधून उगाच एक फेरी मारत, एखाद्याची नाडी बांधत, एखादीला “पाणी प्यायलीस का, बाळ?” विचारत आणि हळूच झाडाकडे बघत. पाळकसाहेब बघतच होते.

साडेबाराला जेवणाची वेळ झाली. डबे उघडण्याआधी प्रार्थना ही शाळेची रीत, आणि प्रार्थना चालू असताना एक डोळा किलकिला ठेवून मुलं मोजणं ही सरांची रीत. सहावीची मुलं दिवसभरात तेवढीच दोन मिनिटं हलत नाहीत. सर मोजत गेले. ब्याऐंशी. दुसरा डोळाही उघडून पुन्हा मोजली. ब्याऐंशीच.

“बाई,” ते कुजबुजले, “एक कमी आहे.”

“असं कसं होईल? बसमधून उतरताना बरोबर होती. थांबा, नावं घेऊन हजेरी घेते. दोन मिनिटं द्या.”

शहाणपणाचं बोलणं होतं. पण तेवढ्यात पाळकसाहेब खुर्चीतून उठले आणि फाईल काखेत मारून इकडेच यायला लागले. सर घाबरले. कुणाचं तरी लेकरू या रानात हरवलं होतं, आणि इथे बिबट्याही फिरतो म्हणतात. आणि खरं सांगायचं तर त्या भीतीच्या शेजारी जरासा आनंदही झाला. असा योग मागून मिळत नसतो! लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली, पण तोवर वाक्य तोंडातून निघून गेलं होतं.

“बाई, तुम्ही थांबा इथे! त्या एकाच्या मागे मी जातो!”

हे त्यांनी पाळकसाहेबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं.

“अहो सर, पण कुठल्या बाजूला? आणि गेलंय कोण ते तरी…”

पण सर बागेच्या फाटकाबाहेर पडलेसुद्धा. मोबाइल सतरंजीवरच राहिला.

पहिला लागला तो तबेला. एक भैया म्हशीच्या अंगावर बादलीने पाणी मारत होता.

“भैया, इधर से कोई बच्चा गया क्या? नीला शर्ट?”

“लड़का कि लड़की?”

सर अडकले. “बच्चा,” ते म्हणाले. “बस, बच्चा.”

भैयाने एकदा सरांकडे आणि एकदा म्हशीकडे पाहिलं. “एक नीला शर्ट उधर गया,” असं म्हणून त्याने बादली धरलेल्याच हाताने झाडीकडे दाखवलं.

सर पळाले. शेणात पाय गेला, एक बूट तिथेच राहिला, तो काढण्यात वेळ घालवणं त्यांना मेंढपाळाला शोभेसं वाटलं नाही. पायवाट दोनदा फुटली. दोन्ही वेळा त्यांनी प्रार्थना करून डावी धरली. आणि काय सांगावं, समोरच निळा शर्ट! दप्तर पाठीवर, रमतगमत चाललेला.

“बाळा!” सर ओरडले. “थांब! घाबरू नकोस! मी सगळ्यांना सोडून तुझ्यासाठी आलोय!”

पोराने मागे वळून पाहिलं. टक्कल पडलेला, एका पायात बूट असलेला, गुडघ्यापर्यंत शेणाने माखलेला माणूस हात पसरून ओरडत आपल्याकडे येतोय. पोरगं जे सुटलं ते सुटलंच. सर त्याच्या मागे. पोरगं पाड्यावर पोचलं, घरात शिरलं, आणि त्या घरातून एक म्हातारी हातात केरसुणी घेऊन बाहेर आली. शेजारच्या घरांतून आणखी चार बायका आल्या. पोरगं जवळच्या दुसऱ्याच शाळेचं होतं, शाळा सुटून आपल्या घरी चाललं होतं, हे सरांना तेव्हा कळलं.

“पोराच्या मागं का लागलास रं?” म्हातारीने विचारलं.

“अहो आजी, गैरसमज होतोय. मी शाळेचा मुख्याध्यापक आहे.”

“तू?” म्हातारीने बुटापासून टकलापर्यंत पाहिलं. “ए जया, वाच गं त्याच्या गळ्यात काय लिवलंय ते.”

जया नावाची कॉलेजातली मुलगी पुढे झाली. तिने ओळखपत्र उलटसुलट करून वाचलं. “प्रभारी आहे, आजी.”

“म्हंजे?”

“म्हंजे पक्का नाय.”

सरांना आयुष्यात इतकं कुणी लागेल असं बोललं नव्हतं. आजीने ओट्यावर बोट दाखवलं. “बस हितं. तुझं कोण असंल त्याला बोलव. तोवर हलायचं नाय.”

जयाने आपला फोन दिला. आता नंबर कुणाचा लावायचा? सरांना जगात एकच नंबर पाठ होता.

“माधुरी, मी बोलतोय. आरेत एका पाड्यावर आहे. मला बसवून ठेवलंय.”

“कुणी?”

“बायकांनी.”

मग माधुरीताईंनी विचारलं, “जेवलात का?”

“माधुरी! सुगंधाबाईंना फोन कर, म्हणावं तबेल्याच्या मागचा पाडा, मोठ्या चिंचेपाशी. आणि विचार, मूल सापडलं का!”

फोन परत घेऊन जया आत गेली, आणि सर ओट्यावर बसून राहिले. उठले की आजी केरसुणी उचलायची, म्हणून बसल्या बसल्याच त्यांचे पाय नाचत होते. चूक कळायला त्यांना फार वेळ लागला नाही. तिकडे ब्याऐंशी मुलं, इकडे एक रानात, आणि मेंढपाळ ओट्यावर! ते मनातल्या मनात मुलांची नावं घ्यायला लागले. हरवलंय कोण? मितेश? तो तर प्रार्थनेत समोर जांभई देत होता. पूर्वी? पूर्वी होती. मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं, की आपण ज्याच्या मागे एवढे धावलो त्याचं नावसुद्धा विचारून घेतलं नाही. मुलगा की मुलगी तेही नाही. त्यांना रडूच यायला लागलं. ‘प्रभू, पद गेलं खड्ड्यात,’ ते पुटपुटले, ‘ते लेकरू तेवढं सापडू दे.’ इतक्या दिवसांत स्वतःला विसरून केलेली ही त्यांची पहिली प्रार्थना, आणि ती दोन पानांत बसली असती आणि वर जागा उरली असती.

अर्ध्या तासाने भोंगा वाजला. चिंचेपाशी दोन्ही बसगाड्या येऊन थांबल्या. आणि दोघं दोघं हात धरून सगळी मुलं खाली उतरली. पुढे सुगंधाबाई, मागे दोन शिक्षिका, सगळ्यात शेवटी पाळकसाहेब.

“बाई, सगळ्यांना घेऊन आलात?” सर धडपडत उठले. आजीने या वेळी उठू दिलं.

“मग काय करू? रानात सोडून येऊ?” बाई कडाडल्या. “एकाला शोधायचंय तर बाकीच्यांना हाताशी धरूनच निघायचं ना सर! नायतर संध्याकाळपर्यंत मी एकेकाला शोधतच बसले असते.”

“पण हरवलेलं मूल? कोण होतं? सापडलं?”

“मूल कुठे हरवलंय? तुम्ही हरवलाय!”

बाईंच्या मागून दिशा कोळी नावाची दोन वेण्यांची मुलगी पुढे आली. तिच्या हातात डबा होता आणि ओठांना मसाला.

“सर, मी होते. मी बसच्या मागे होते.”

“प्रार्थनेच्या वेळी?”

“तुम्हीच बोललेला ना, कुणावर सक्ती नाय, ज्याला नको त्याने बाजूला शांत राहायचं. म्हणून मी बाजूला शांत राहते.”

सर थक्क झाले. तो नियम त्यांचाच होता. कुणाच्याही श्रद्धेला धक्का लागू नये म्हणून त्यांनी तो केला होता आणि केल्याचा त्यांना अभिमानही होता. “अगं, पण तुझ्या घरच्यांना प्रार्थना चालत नाही का?”

“घरच्यांना चालते,” दिशा म्हणाली. “पण कोलंबी गार होते, सर.”

त्र्याऐंशी पोरं फिदीफिदी हसली. आजीने सरांकडे बोट केलं. “हा तुमचाच का?”

“आमचे सर!” सगळी एका सुरात ओरडली.

“मग न्या बाबा. आन आता मोजून न्या.”

परतीच्या वाटेवर सर पाळकसाहेबांच्या शेजारी बसले होते. पाळकसाहेबांनी बुटाविषयी काही विचारलं नाही, शेणाविषयी नाही. नुसते बघत होते. सरांना ते सहन होईना. शेवटी आतून काहीतरी उचंबळून आलं आणि ते म्हणाले,

“पाळकसाहेब, खरं सांगतो. या पदाला बाईच योग्य आहेत. त्यांनाच करा.”

हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं होतं. पण आपल्याकडे मनापासून म्हटलेल्या गोष्टीलाही एक रीत असते. पाहुणा पोळी नको म्हणतो, आपण वाढतो. तो पुन्हा नको म्हणतो, आपण पुन्हा वाढतो. सरांनी निदान दोन ‘छे छे’ची जागा सोडली होती.

“वा!” पाळकसाहेबांनी खिशातून पेन काढलं. “लेखी देता?”

“अं?”

“मी रात्री समितीला हेच सांगणार होतो, पण तुमचं मन कसं मोडायचं कळत नव्हतं. तुम्ही फार सोपं केलंत. ही घ्या, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहा.” आणि त्यांनी निळ्या फायलीतली ती दोन पानं उलटी करून सरांच्या मांडीवर ठेवली.

“नाही, म्हणजे… पत्रात ख्रिस्ती मूल्यं असं… आणि बाई तर हिंदू…”

“मूल्यंच म्हटलंय. लिहा तुम्ही.”

सरांनी लिहिलं. बस हलत होती, तरी अक्षर बरं आलं. एकच ओळ होती, आणि आश्चर्य म्हणजे एकही शब्द खोडावा लागला नाही. त्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. खिडकीकडे तोंड करून त्यांनी डोळे पुसले.

बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या मागच्या सीटपासून एकेका डोक्यावर बोट ठेवत पुढे येत होत्या, दुसऱ्या बसची मोजणी निघण्याआधीच करून आल्या होत्या. ब्याऐंशी, त्र्याऐंशी. सरांपाशी येऊन त्या थांबल्या. सर अदबीने उठायला लागले; काही झालं तरी आता बाई त्यांच्या वरिष्ठ होत्या.

“ए, उठायचं नाय! मोजणी चालू आहे!” बाई सवयीने खेकसल्या, आणि सरांच्या टकलावर बोट टेकवून म्हणाल्या, “चौऱ्याऐंशी.”