धनेशाची लग्नाची कॅसेट

संस्थेच्या टीव्हीवर दोन गुलाबी बदाम गरगरत आले, एकमेकांत मिसळले आणि त्यांतून धनेश पक्षी चोचीत उंबर धरून उडत आला. मागे सनई. पाच प्रोफेसर चहाचे कप हातात धरून तसेच बसले. जयनगरचे लग्नाचे व्हिडिओवाले रघुजी दाराशी उभे होते. इतका वेळ त्यांची छाती फुगलेली होती; पक्ष्यांवर संशोधन करणाऱ्या चंदनाचा चेहरा दिसला आणि हवा गेली.

चंदनाला फार काही नको होतं. दांडेलीच्या रानात धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला बाहेरून भरवतो. दिवसातून किती वेळा, किती अंतराने, एवढंच दाखवायचं. तेवढं जमलं नाही तर पुढच्या वर्षी तिचं रान बंद. संस्थेत कॅमेरा नव्हता, म्हणून चुलतभावाच्या लग्नातले रघुजी कॅमेऱ्यासकट नेले. तिला स्वतःला दुसऱ्या झाडापाशी बसायचं होतं.

"रघुजीअण्णा, मधले तास कुठे गेले?"

"मधे काय होतं, अक्का? नुसतं खोड. कापलं."

"मला तेच पाहिजे होतं. तो किती वेळानं येतो ते."

"लग्नातली जेवणाची रांगपण कापतोच की आपण."

"मूळ कॅसेट आणा मग."

रघुजींनी मान खाली घातली. "तिच्यावर बसवनगुडीतलं बारसं घेतलं."

थोरल्या विश्वेश्वर सरांनी कप खाली ठेवला. "सनई छान आहे," म्हणाले. शिवी दिली असती तर रघुजींना सोसली असती.

शरमेनं त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ते वही घेऊन एकटेच दांडेलीला गेले आणि आठ दिवस उजाडल्यापासून अंधारेपर्यंत त्याच झाडाखाली गप्प बसले. डासांनी अर्धे नेले. एकदा वाघ येऊन शेजारी बसला. रघुजींनी त्याला वहीत घेतलं नाही, कारण तो मुलाकडचा नव्हता. वहीत एवढंच होतं: "नवरदेव आले, ७.१०. उंबर चार. गेले, ७.१४."

वही वाचून चंदना धावतच दुकानात आली.

"अण्णा, कॅसेटमध्ये तो दिवसाला चारदा येतो, वहीत सतरा वेळा. कॅमेऱ्याला भितो बघा तो! सर खूश आहेत. पुढच्या वर्षी रान मिळालं, हेच पक्कं करायला. कॅमेरा घेऊन चला. निबंधात तुमचे आभार मानणार आहे मी."

रघुजींचे कान तापले. कॅमेरा बिचारा मुका होता. नर फांदीवर टेकला की सवयीनं रघुजीच खालून ओरडत होते, "साहेब, स्वल्प इकडे बघा. मान वर. हसा."

त्यांनी कॅमेऱ्याच्या भिंगावर टोपण चढवलं.

"सरी, बरं, येतो," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "पण अक्का, बटण तुम्ही दाबायचं. मी लांब जीपमध्ये बसतो. काचा लावून."

चंदनाला भरून आलं. आभाराच्या ओळीत तिनं त्यांच्या नावाआधी 'अत्यंत विनयशील' घातलं.