ठमीबाईंनी मग दळले

"प्लॅस्टिकचा एक तुकडा जरी वाया गेला, तरी ज्ञानेश्वर नाव लावणार नाय!" असं मी भर मीटिंगमध्ये बोललो आणि शेठनी कारखान्याचं सगळं भंगार माझ्याच गळ्यात घातलं.

आमचा मुरबाडचा कारखाना बादल्या-मगांचा. माल काढताना तुटकं, वाकडं बरंच उरतं. रंगारंगानं वेगळं ठेवलं तर ते दळून पुन्हा वापरता येतं. आमच्याकडे मात्र त्याची भेळ व्हायची! मी भंगारासाठी लाल क्रेट आणले, एका क्रेटमध्ये एकाच रंगाचं भंगार असं ठरवलं आणि दळायच्या मशीनवरच्या ठमीबाईंना बजावलं, "लाल क्रेटमध्ये येईल ते थेट दळायचं. विचारत बसायचं नाय!"

"बरा," ठमीबाई म्हणाल्या.

आठवडाभर काम इतकं झकास चाललं, की मी आरशात स्वतःलाच नमस्कार करू लागलो.

सोमवारी नाशिकचे एक मोठे व्यापारी नमुने बघायला येणार होते. नमुने म्हणजे बारा निळे मग. पुन्हा काढायची सोय नाही, कारण साचा दुरुस्तीला कल्याणला गेलेला. पॅकिंगच्या संदेशनं ते छान पुसून ठेवले. कशात? कोऱ्या करकरीत लाल क्रेटमध्ये!

पाहुणे आसनगाव स्टेशनला उतरल्याचा फोन आला, तसा मी धावलो.

"ठमीबाई, मग कुठायत?"

"दळले."

"सगळे?"

"येक खाली पडला व्हता. तो पण उचलून टाकला. अर्धा काम मना जमत नाय."

पाहुणे आले. मी वीस मिनिटं हवापाण्यावर बोललो. शेवटी शेठ गुरगुरले, "नमुने आण!"

मी घमेलं पुढे केलं. "मगच आहेत, साहेब. जरा बारीक झालेत."

शेठचा चेहरा तापलेल्या साच्यासारखा झाला! तेवढ्यात ठमीबाई पुढे आल्या. "मीच दळले. पण यात दुसरा रंग घावला तं दाखवा!"

व्यापाऱ्यांनी मूठभर चुरा उन्हात धरला, बोटांनी चाळला. "माती नाही, पिन नाही. इतका स्वच्छ चुरा मी पाहिला नाही! याच्याच बादल्या द्या मला. मगांचं पुढच्या महिन्यात बघू. पण भंगार या बाईंच्याच हाती राहू दे."

तेव्हापासून मी ठमीबाईंच्या हाताखाली आहे. परवा जेवणाचा प्लॅस्टिकचा डबा लाल क्रेटवर ठेवून हात धुवायला गेलो. परत येतो तर डबा त्यांच्या हातात!

"झाकण निळा, बूड पांढरा. वेगळा कराय लागंल," त्या म्हणाल्या. "भाकरी काढून घ्या आधी."

मी भाकरी काढून घेतली.