खोडरबरवाले वानखेडे

वानखेडेंच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, खोडरबर असतं. शाळेतली पोरं वापरतात तसलंच, पांढरं, कोपरे झिजलेलं. कुणाचाही कॉम्प्युटर बंद पडला की हे स्क्रू खोलतात, आतली एखादी पट्टी उपसून काढतात आणि तिचे सोनेरी दात खोडरबराने घासत बसतात.

"मळ बसते भाऊ. माणसाच्या दाताले बसते, मंग याच्या दाताले नाही बसन?"

घासून चालू झालेले कॉम्प्युटर मी डोळ्यांनी पाहिलेत, खोटं कशाला बोलू. पण या माणसाने माझ्या टीव्हीचं रिमोट घासलं, मेट्रोचं कार्ड घासलं आणि एकदा माझं कानाचं मशीन मागत होता. ते मी दिलं नाही.

सक्करदऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. वानखेडे टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. लग्न केलं नाही. काहून नाही केलं विचारलं तर म्हणतात, "राहून गेलं." जसं काही लाइटचं बिल भरायचं राहून गेलं.

हाती आलेल्या प्रत्येक मशिनीवर ते लिनक्स टाकतात. लिनक्स म्हणजे नेमकं काय ते मला अजून कळलेलं नाही. मी सातवी शिकलेला माणूस, जन्म दालमिलमध्ये पोती मोजण्यात गेला. मला एवढंच दिसतं की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळतात आणि वानखेडे पोथी वाचल्यासारखे पुटपुटतात. ओळीच्या सुरुवातीला 'सुडो' लिहितात. एकदा विचारलं, हा सुडो कोण?

"साहेबाची सही. नोकरीत साहेबाच्या सहीसाठी दारात उभा राहिलो. आता मीच साहेब, मीच सही."

आणि खरंच, सुडो लिहिताना त्यांची मान ताठ होते.

रविवारी ते सीताबर्डीला जातात. जुन्या सामानाच्या गाड्यांवर एकेक पार्ट उचलतात, उलटा करून पाहतात, परत ठेवतात. घेत काही नाहीत. "नवीन लावाले अक्कल नाही लागत, दुकान लागते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाडीवाले त्यांना पाहिलं की आपसात म्हणतात, "आले, पाहुणे आले."

माझी बायको शांता आणि वानखेडे यांचं फार जमायचं, म्हणजे रोज भांडण व्हायचं. पोरगी जर्मनीला गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप घरी सोडून गेली. तो गोगलगाय झाला होता. वानखेडेंनी त्यावर लिनक्स टाकून दिलं आणि शांताला शिकवलं. मग ती भिंतीवरून ओरडायची.

"भाऊजी, तुमच्या लिनक्सनं माही कढी उतू घातली!"

"वहिनी, लिनक्सचा गॅसशी काही संबंध नाही."

"मंग मले शिकवलं कायले?"

कढी मात्र वाटीभर त्यांच्याकडे जायची.

संध्याकाळी शांता त्या लॅपटॉपवर पोरीशी बोलायची. मी मागे पलंगावर. मला पोरीपेक्षा शांताचा अंबाडाच जास्त दिसायचा. "सरक ना वं थोडी," म्हणून मी चिडायचो. ती सरकायची नाही.

पोळ्यानंतर शांता मेली. लोक 'गेली' म्हणतात. मी मेली म्हणतो. गेलेल्या माणसाची वाट पाहावी लागते.

लॅपटॉप कपाटावर पडून राहिला. मग पोरीला मुलगी झाली आणि रविवारी बारसं ठरलं. माझा फोन बटणांचा, त्यात चेहरे दिसत नाहीत. पोरगी म्हणाली, "बाबा, शेजारी कुणाच्या मोबाईलवर बघा ना."

मी म्हटलं, "नाही. तुझी आई तुले ज्याच्यावर पाहे, त्याच्यावरच मी नात पाहीन."

लॅपटॉप उघडला. चालू झाला, पण वायफाय येईना. वायफायचा डबा तर भिंतीवर लुकलुकत होता. बुधवारी वानखेडेंना हाक मारली.

ते आले ते कपाळावर मफलरने बॅटरी बांधून, भर दुपारी. आधी सगळा लॅपटॉप रुमालाने पुसला. पुढच्या कडेला एक लाल टिकली चिकटलेली होती. शांताला बारीक दिसायचं नाही, म्हणून खुणेसाठी ती कुठेही टिकली लावायची. गॅसच्या रेग्युलेटरवर, मिक्सरवर. वानखेडेंनी टिकलीच्या भोवतीभोवती पुसलं.

"वहिनीची हाये. राहू द्या."

मग काळा पडदा उघडला. "वायफायचं कार्ड यादीत दिसून राहिलं भाऊ. म्हणजे जागेवर हाये. पण काम करून नाही राहिलं."

"मंग?"

"ड्रायव्हर. मोटार दारात उभी हाये, चालवणारा नाही."

या लॅपटॉपला इंटरनेटची वायर खुपसायला भोक नाही. म्हणून वानखेडे आपल्या घरून ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन यायचे, टाकायचे, मान हलवायचे आणि पुन्हा घरी. गुरुवारी तेच. शुक्रवारी मागचं झाकण खोललं, नखाएवढं कार्ड काढलं आणि खोडरबर बाहेर आलं. एखाद्या लेकराचं तोंड पुसावं तसं घासलं. परत लावलं. काही नाही.

मी कावलो. "जमत नसन तर सांगा. बर्डीवरून दुसरा माणूस आणतो. परवा बारसं हाये."

वानखेडेंनी झाकणाचे स्क्रू आवळले. चहा अर्धा ठेवून उठले. मला वाटलं, आता येत नाहीत.

शनिवारी सकाळी आले. खुर्चीत बसले, एकच ओळ लिहिली आणि पडदा माझ्याकडे फिरवला. "हे पहिलेच विचाराले पाहिजे होतं मशिनीले. मी ड्रायव्हर ड्रायव्हर करत बसलो. वाचा."

माझं इंग्रजी बसच्या पाटीपुरतं. मी बोट ठेवून वाचलं. "वाय... ई... एस."

"येस. मशीन म्हणते, बटण बंद हाये. आतलं नाही, बाहेरचं. कोण्यातरी माणसानं हातानं केलेलं."

"कोणतं बटण?"

त्यांनी बोट दाखवलं नाही. हनुवटीने दाखवलं. टिकलीकडे.

वाकून पाहिलं तर टिकलीखाली तांदळाएवढं सरकतं बटण होतं. बोटाला लागावं म्हणून शांताने त्याच्यावरच टिकली लावलेली. आणि आम्ही तीन दिवस तिची टिकली म्हणून सांभाळत होतो.

मला सगळं आठवलं. घरातून निघताना हिला सगळं बंद करायचं असायचं. गॅस, मोटर, हेही. त्या दिवशी ऑटो दारात उभा, हिला श्वास घेता येत नाही आणि ही घरभर बटणं बंद करत फिरते. मी ऑटोतून ओरडून राहिलो, "चल ना वं!" तर म्हणते, "आली ना, घर उघडं टाकून येऊ का?" तिथून दवाखाना. घरी परत आलो तो मी एकटा.

"सरकवा," वानखेडे म्हणाले. "मी नाही लावत हात."

मी बोट ठेवलं. केसाएवढं सरकवायचं होतं. दालमिलमध्ये मी शंभर किलोचं पोतं पाठीवर घेतलेला माणूस. नाही झालं.

"नाही होत," मी म्हटलं.

मला वाटलं, आता हा ऐकवेल. इतक्या दिवसांची मेहनत आणि हा म्हातारा एक बटण सरकवत नाही. वानखेडेंनी लॅपटॉप हळूच मिटला, खोडरबर खिशात टाकलं आणि गेले.

संध्याकाळी घामाने भिजून परत आले. हातात एक पाकीट, ते दातांनीच फाडलं. आत बोटाच्या पेराएवढी काळी वस्तू.

"हे काय गा?"

"वायफाय. बाहेरून खुपसाचं. त्या बटणाशी याले काही लेणंदेणं नाही."

"नवीन?"

"नवीन," चोरी पकडल्यासारखं ते म्हणाले.

"झाले म्हणा दुकानदार."

"व्हा बाजूले."

खुपसलं. सुडो वगैरे काही लिहावं लागलं नाही. वायफाय आलं.

रविवारी नात पाहिली. पाळण्यात जांभई देत होती, तिला कशाचंच काही नव्हतं. तिकडे सगळे एकदम ओरडले आणि नाव मला ऐकूच आलं नाही. वानखेडे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, पण पडद्यात दिसायला नको म्हणून दाराजवळ बसले होते. ते उठून आले आणि माझ्या कानात नाव सांगून गेले. पलीकडून पोरगी म्हणाली, "काका, समोर या ना." हे आणखी मागे सरकले.

सगळं आटोपलं. मी ती वस्तू उपसून त्यांना द्यायला गेलो. त्यांनी माझा हात धरला.

"राहू द्या. उसनं दिलं समजा. ज्या दिवशी ते बटण तुमच्यानं सरकन, त्या दिवशी वापस करा."

"आणि नाहीच सरकलं त?"

वानखेडे चपला शोधत होते. खाली पाहतच म्हणाले, "त राहू द्या तुमच्याच जवळ. माह्याकडे कोण हाये पलीकडून पाहाले?"