उजव्या डोळ्याचं पथ्य

कडूबाईनं सकाळी नवऱ्यापुढे चहा धरला, तेव्हा मुंजाजीनं हात पुढे केला तो कपाच्या वीतभर अलीकडे, नुसत्या हवेत. तिनं नीट पाहिलं. दीड महिन्यापूर्वी ज्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्याच डोळ्यावर मुंजाजीनं जुन्या पटक्याचं फडकं करकचून बांधलं होतं. डावा डोळा उघडा होता, पण त्यात अजून मोतीबिंदू होता. त्या डोळ्याला कडूबाई आणि ज्वारीची कणगी सारखीच दिसायची.

"आवो, डोळा कावून बांधला?"

"पथ्य हाय."

"दीड म्हैन्यानं कसलं पथ्य?"

"ऱ्हायलं होतं एक. काल ध्यानात आलं."

मुंजाजी पथ्याचा पक्का माणूस. नगरकडच्या मिशनच्या दवाखान्यानं फुकटात ऑपरेशन केलं होतं, वर दोन वेळचं जेवणही दिलं होतं. घरी सोडताना विजयमाला सिस्टरनं एक पिशवी हातात दिली. तिच्यात थेंबांची बाटली, काळा चष्मा, पथ्याचा कागद आणि मोठ्या अक्षरांचं एक छोटं पुस्तक होतं. "हे वाचत जा बाबा, म्हणजे नजर कितपत आली ते कळेल," असं सिस्टर म्हणाली होती. पुस्तक येशूच्या वचनांचं होतं. पण पिशवी दवाखान्याची असल्यामुळे तिच्यातलं सगळंच औषध, असं मुंजाजीनं धरलं. महिनाभर डोक्यावरून पाणी घेतलं नाही, वाकला नाही, जड उचललं नाही. राहता राहिलं पुस्तक. काल तो एकेका अक्षरावर बोट ठेवत एका पानापाशी आला आणि त्याला दरदरून घाम फुटला.

उजवा डोळा पाप करायला लावत असेल तर तो उपटून फेकून दे, असं तिथे लिहिलं होतं. सगळं अंग नरकात जाण्यापेक्षा एक अवयव गेलेला परवडला. आणि डोळा कोणता, तर नेमका उजवा!

आता या डोळ्यानं पाप केलं होतं, हे एकट्या मुंजाजीला ठाऊक होतं. गेली सहा वर्षं त्याची मेंढरं अधूनमधून भगवानरावांच्या हरभऱ्यात शिरायची आणि त्याला खरोखरच दिसायचं नाही. भगवानराव चार शिव्या द्यायचे आणि मग, "जाऊ द्या, बिचाऱ्याला दिसत न्हाई," म्हणून सोडून द्यायचे. ऑपरेशन झालं आणि मुंजाजीला हरभऱ्याचं पान अन् पान दिसू लागलं. पण कुणी ओरडलं की तोंडातून जुनंच उत्तर यायचं. मेंढरं चांगली गुबगुबीत झाली होती. खरं सांगावं, तर भगवानराव शिवाराबाहेर काढणार. दरवर्षी हिवाळ्यात खतासाठी त्यांच्याच रानात मेंढरं बसवायची, त्यावर घरची ज्वारी यायची. ते रान गेलं तर या वयात कळप घेऊन गावोगाव फिरणं आलं. न सांगावं, तर डोळा जाणार.

उपटायचा धीर होईना, म्हणून त्यानं तूर्तास डोळा बांधून ठेवला होता.

त्यानं वचन सांगितलं, पाप सांगितलं नाही. कडूबाईनं आधी घरातली कातर, विळा आणि दाभण लपवलं. थोडा विचार करून उलथनंही लपवलं. मग सून मंगल हिला दवाखान्यात फोन लावायला सांगितला. मंगलनं फोनचा आवाज मोठा करून तो मधे ठेवला.

"पट्टी कुणी बांधायला सांगितली?" विजयमाला सिस्टर ओरडली. "आधी सोडा ती!"

"तुमच्याच पुस्तकात हाय, बाई. उपटाच म्हनलंय. मी निस्ता बांधला."

सिस्टरचा आवाज एकदम खाली आला.

"अहो बाबा, ते तसं नसतं. ती बोलायची रीत असते."

"म्हंजी खोटं हाय का?"

"खोटं नाही!"

"मग उपटायचा?"

"नाही! बाबा, आमच्या चर्चला दीडशे माणसं येतात. सगळ्यांना दोन दोन डोळे आहेत."

"तेच्यात पाप कुनीच करत न्हाई?"

"करतात की. मी पण करते. अहो, आई लेकराला म्हणते ना, परत तिकडं गेलास तर तंगडं मोडीन. मोडते का? पण लेकराला कळतं, तिकडं जायचं नाही. जिवाला लावून घ्यायचं, डोळ्याला नाही. बरं, डोळ्यानं केलं तरी काय?"

मुंजाजीनं बायकोकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. दोघीही पुढे सरकल्या होत्या.

"रेंज न्हाई," तो म्हणाला आणि काठी घेऊन मेंढरांमागे निघून गेला.

सिस्टरचं म्हणणं त्याला पटलं होतं. पण डोळा सोडायचा, तर आधी भगवानरावांना सांगायला हवं होतं. तेवढा धीर गोळा होईस्तोवर फडकं राहू द्यावं, असं त्यानं ठरवलं. धीर गोळा व्हायच्या आत दुपार झाली आणि दुपारपर्यंत सगळा कळप हरभऱ्यात शिरला. आधी चार-दोन मेंढरं शिरायची. आज मालकाला काहीच दिसत नसल्यामुळे साठच्या साठ गेली.

"मुंजा! आंधळा हायस का बे?" भगवानराव बांधावरून धावत आले.

"आज हाय," मुंजाजी म्हणाला.

"आज म्हंजी?"

आता मागे सरायला जागा नव्हती. "आज खरंच दिसलं न्हाई, भगवानराव. म्हैनाभर दिसत होतं. दिसत असून चारलं. चुकलो."

भगवानरावांच्या चेहऱ्याचा रंग बदलला. सहा वर्षं केलेल्या दयेचा असा उपयोग झालेला कुणालाच आवडणार नाही. "मी लोकाला सांगत फिरायचो, बिचारा मुंजा, बिचारा मुंजा! उद्यापासून ह्या रानात तुझं एक मेंढरू दिसलं न्हाई पायजे!"

"बरं हाय," मुंजाजी म्हणाला. त्यानं बंडीच्या खिशातून पुस्तक काढलं. "तेवढं हे वाचून सांगा. डोळ्याचं काय करू? सिस्टर म्हंती उपटू नका. पन माजा गुन्हा तुमच्याकडं हाय. तुमी म्हनाल तसं."

भगवानराव रागातच होते, पण माणूस डोळा पुढे करून उभा राहिल्यावर रागाला पुढे जाता येईना. त्यांनी चष्मा लावला आणि डोळ्याचं वचन मोठ्यानं वाचलं. मग पुढची ओळ वाचायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"फुडं आजून हाय ना?" मुंजाजीनं विचारलं.

"काई न्हाई. सोड ते फडकं, नाटकं करू नको." त्यांनी पुस्तक स्वतःच्या खिशात घातलं. "हे ऱ्हाऊ दे माज्याकडं."

मुंजाजीनं फडकं सोडलं आणि मेंढरं हाकून घरी नेली. कडूबाईला सगळं सांगितलं. ती आधी भांडली, मग उलथनं परत चुलीपाशी आणून ठेवलं. दोघांनी सामान बांधायला घेतलं.

सकाळी कळप काढण्यापूर्वी आपल्या दीड एकराच्या तुकड्यावर एक नजर टाकावी, म्हणून मुंजाजी तिकडे गेला. भगवानरावांचं रान त्याला लागूनच होतं. हद्दीच्या दगडापाशी भगवानराव उकिडवे बसले होते. उजवा हात उपरण्यानं गळ्यात बांधलेला होता आणि डाव्या हातानं ते पहारीशी झटत होते. दगड हलत नव्हता.

"हाताला काय झालं?"

"लचकला."

मुंजाजीनं उपरण्याच्या गाठीकडे पाहिलं. डोळ्याच्या वचनाखाली उजव्या हाताचंही तसंच वचन होतं, पाप करायला लावत असेल तर तोडून टाक म्हणून; ते त्यानं परवाच वाचलं होतं.

भगवानरावांनी पहार टाकली. "दर पेरनीला नांगर जरा तुज्या बाजूनं धरायचो. दोनदा दगडबी सरकवला. तुला दिसत नव्हतं." ते खाली बघत म्हणाले. "बिचारा मुंजा म्हनायचो ते काय उगंच न्हाई."

सहा वर्षांनी नजर आली तेव्हा दगड जिथे दिसला तीच त्याची जागा, असं मुंजाजीनं मानलं होतं. त्याला क्षणभर राग आला. पण कालची आपली कबुली आठवली आणि राग फार वेळ टिकला नाही. तो खाली बसला आणि भगवानरावांच्या गळ्यामागची गाठ सोडू लागला.

"हात बांधून दगूड कसा सरकंल? ज्या हातानं अलीकडं आनला, त्योच लागंल की पलीकडं न्यायला."

दोघांनी चारही हात लावले. दगड कुरकुरत हलला आणि भगवानरावांच्या हरभऱ्यात दोन हात आत जाऊन बसला. भगवानरावांनी घाम पुसला.

"मेंढरं सांजच्याला माज्याच मोकळ्या रानात बसीव," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "आन आता बास ना?"

मुंजाजी उठला. उजवा डोळा बारीक करून त्यानं कडुनिंबापासून ओढ्याच्या पुलापर्यंत सरळ रेघ धरून पाहिली.

"आजून वीतभर," तो म्हणाला.

भगवानरावांनी धोंड्याला पुन्हा हात घातला.

"लई चांगला केलाय बे दवाखान्यानं तुजा डोळा."